सीमा सरकली, डिचोली तिथेच

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मे महिना निम्मा उलटला होता. विषय आमच्यावरच सोपवला होता. घरात चर्चा झाली आणि एका रविवारी डिचोलीला जायचे ठरले. ऐकणाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मे महिन्यात डिचोली? पणजीतल्या माणसाला डिचोली म्हणजे साखळीला जाताना लागणारा बाजार, खाणींचे ट्रक आणि तांबडी धूळ. समुद्र नाही, त्यामुळे वारा नाही. दुपारी जांभ्याचा सडा तापला की चपलेतूनही पायाला चटका बसतो. पावसाळ्यात हीच नदी फुगून बाजारात पाणी घुसवते. पण दिवाळी सरली की मृगाच्या पावसापर्यंत इथे आकाशातून थेंब पडत नाही.

तरीही गेलो, त्याला कारण होते. आम्ही राज्य सरकारचे नोकर. स्थापत्याची पदविका घेऊन नोकरीला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे नकाशे, मोजणी आणि हद्दीचे दगड यांतच गेली. नकाशात गोव्याची उत्तरेकडची सीमा पत्रादेवी आणि दोडामार्ग यांच्या अंगाने जाते. ती रेघ इतक्या वेळा डोळ्यांखालून गेली आहे की ती तिथे अनादिकाळापासून असावी, असे वाटू लागते. प्रत्यक्षात १७८१ पूर्वी, मधली काही वर्षे सोडली तर, ती रेघ डिचोलीच्या दक्षिणेला मांडवीच्या पात्रात होती. एका बाजूला फिरंग्यांचे गोवे, दुसऱ्या बाजूला मराठी मुलूख, आणि डिचोली ही त्या मुलखाची शेवटची पेठ. पुढे रेघ उचलली गेली आणि डिचोलीच्या उत्तरेला जाऊन पडली. गाव तसूभरही हलले नाही.

बरोबर घरची माणसे होती आणि आमचे वडील, आप्पा. आप्पांचे वय अठ्ठ्याहत्तर. जन्म दोडामार्गच्या बाजूचा, म्हणजे तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातला; १९६९ मध्ये नोकरीसाठी गोव्यात आले आणि इथलेच झाले. या मंडळातल्या बहुतेक घरांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे.

सरळ रस्त्याने न जाता आम्ही मुद्दाम पाण्यावरून गेलो. जुने गोवे ते दिवाडी एक फेरीबोट, मग दिवाडी बेट ओलांडून नार्वे ते नार्वे दुसरी. वाचकहो, हे चुकून दोनदा छापलेले नाही. नदीच्या दोन्ही काठांवर नार्वेच आहे. दिवाडीवरचे नार्वे हे सप्तकोटेश्वराचे मूळ ठिकाण. गोव्याच्या कदंब राजांचे हे दैवत. आपल्या नाण्यांवरही ते त्याचे नाव कोरवून घेत. बहमनी स्वारीत पहिले देऊळ पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. कोटितीर्थाच्या तळीचे दगड तेवढे तिथे आज दिसतात. लिंग विहिरीच्या कामाला लावले होते, आणि भाविकांनी ते तिथून काढून नदीपार डिचोली महालात आणले, असे सांगतात. देव आला त्या जागेलाही मग नार्वेच म्हणू लागले. घर सोडून आलेल्या माणसाने नव्या घराला जुन्याच गावाचे नाव द्यावे, तसे.

फेरीबोट सुटली तेव्हा आप्पांनी कठड्याला धरून मागे जुन्या गोव्याकडे पाहिले आणि म्हणाले, "एकेकाळी ह्या पाण्यापलीकडे फिरंगी आणि अलीकडे आपण. मगे फिरंगी अलीकडे इलो आणि आपण दोडामार्गापलीकडे गेलो." इतिहासाचे पान दोन वाक्यांत आटोपले. पुढचे आम्ही फक्त तपशील भरतो आहोत.

अलीकडच्या नार्व्यातले सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी बांधायला घेतले. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार आणि शिवराजाचे नाव आहे. म्हणजे इसवी सन १६६८. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, महाराजांच्या फौजेने बारदेशावर स्वारी केली होती, कारण स्वराज्याविरुद्ध उठलेल्या देसायांना पोर्तुगीज आपल्या हद्दीत थारा देत होते. तह झाला, फौज परतली, आणि मग नदीच्या काठावर, पोर्तुगीज राजधानीच्या मनोऱ्यांपासून हाकेच्या नाही तरी एका दिवसाच्या वाटेवर हे देऊळ उभे राहू लागले. आमचे मत असे की यात श्रद्धा तर होतीच, पण सीमेचा दगडही होता. मोजणीचे काम करणाऱ्या माणसाला तसे दिसते. देवळाच्या पुजाऱ्याला वेगळे दिसेल. राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धार केल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये या देवळाचे लोकार्पण झाले. चुन्याच्या गिलाव्याचा गारवा आत अजून टिकून आहे. बाहेर ऊन रणरणत होते आणि आमची मुलगी सभामंडपातून निघायला तयार नव्हती.

डिचोलीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाजारात एका हॉटेलात भाजी-पाव आणि चहा घेतला. गल्ल्यावरच्या गृहस्थांना इथला जुना इतिहास विचारला, तर त्यांनी खाणींचा सांगितला. तेही बरोबरच. शिरगाव, मुळगाव, लामगाव या पट्ट्यात डोंगर पोखरून लोह खनिज काढले गेले, नदीतून बार्जेस चालल्या, घरटी एक ट्रक झाला. २०१२ मध्ये सगळे एका आदेशाने थांबले आणि त्या ट्रकांचे हप्ते मागे राहिले. पण आम्ही विचारत होतो तो त्याच्या तीनशे वर्षे आधीचा. त्या काळी या भागाला भतग्राम म्हणत, आणि १६८३-८४ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या तीन सत्तांचे डोळे या लहानशा पेठेवर लागले होते.

औरंगजेबाचा मुलगा अकबर याने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले, ते फसले, आणि तो दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. पुढे तो कोकणात उतरला आणि डिचोलीत राहिला. दिल्लीच्या तख्तावर हक्क सांगणारा शहजादा आपल्या डिचोलीत. का, तर इथून बंदर जवळ आणि पोर्तुगीजांशी बोलणी सोपी. जहाज मिळाले तर इराणला निसटता येईल. शहराच्या कडेला नमाजगा म्हणून जी जुनी वास्तू आहे तिचा संबंध परंपरेने त्याच्या मुक्कामाशी जोडला जातो. राज्याने तिला संरक्षित स्मारक केले आहे. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूचे गवत वाळून पिवळे झाले होते, सावलीला एक कुत्रा झोपला होता, आणि आमच्याखेरीज कोणी नव्हते.

१६८३ च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि नोव्हेंबरात व्हाइसरॉयला पळ काढावा लागला. त्याच महिन्यात मराठ्यांनी राजधानीच्या दारातले जुवे बेट घेतले. गोवे शहरात इतकी घबराट उडाली की व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत ठेवला आणि शहर त्या संताच्या हवाली केले. गोवे पडायच्या बेतात आले असताना बातमी आली की औरंगजेबाचा दुसरा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाट उतरतो आहे. संभाजी महाराजांना मोर्चा आवरून परतावे लागले.

रामघाट म्हणजे बेळगावच्या बाजूने दोडामार्गच्या अंगाला उतरणारी जुनी वाट. आप्पा लहानपणी त्या घाटातून मिरची-मसाल्याचे बैल उतरताना पाहिल्याचे सांगतात. जानेवारी १६८४ मध्ये शाहआलमची फौज डिचोलीत शिरली. पेठ लुटली, जाळली. संभाजी महाराजांचे आणि अकबराचे वाडे, बागा उद्ध्वस्त केल्या. अकबर हाती लागला नाही. आणि इथून पुढे जे झाले त्यासाठीच आम्हाला हा प्रसंग सांगायचा होता, कारण आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळही नाही.

जाळलेल्या मुलखात फौज खाणार काय? धान्य सुरतेहून जहाजांनी यायचे होते. पण शाहआलमचा डोळा खुद्द गोव्यावर आहे, हे पोर्तुगीज ओळखून होते. त्यांनी मोगलांच्या आरमाराला मोकळी वाट दिली नाही. धान्य पुरेसे पोहोचले नाही. आजूबाजूला डोंगर, जंगल आणि मराठ्यांच्या टोळ्या. उत्तरेकडच्या घोड्यांना इथला चारा-पाणी मानवला नाही. आधी जनावरे मेली, घोडे, उंट, हत्तीसुद्धा. मग साथ आली आणि माणसे मरू लागली. फेब्रुवारीत फौज पुन्हा रामघाटाकडे वळली, ती हजारो माणसे मागे टाकून. मे महिन्यात उरलेसुरले अहमदनगरला पोहोचले. लढाई म्हणावी अशी लढाई झालीच नाही. ज्या कोरड्या, उकाड्याच्या मुलखाला पणजीकर नाके मुरडतात, त्याने बादशहाच्या मुलाची फौज खाल्ली. अकबर मात्र आणखी तीन वर्षे कोकणात राहिला. १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने इराणला गेला आणि परत आला नाही.

पुढचा काळ सावंतवाडीकरांचा. त्यात पोर्तुगीजांशी कधी तह, कधी कुरापती. १७४६ मध्ये पेडण्यातला हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला आणि त्यांच्या व्हाइसरॉयला त्या लहान किल्ल्याच्या नावाने मार्किस हा किताब मिळाला. लिस्बनमध्ये आजही आलोर्ना हे नाव मोठ्या घराण्याचे म्हणून ओळखतात, आणि हळर्णकरांना त्याचा पत्ता नसतो. ही ठाणी पुन्हा सावंतांकडे आली. शेवटी १७८१ मध्ये डिचोली गेली, मग सत्तरी, आणि कोल्हापूरकरांच्या दडपणाखाली मदत शोधणाऱ्या खेम सावंतांनी १७८८ च्या तहाने पेडणेही सोडले. पोर्तुगीजांनी या भागाला नव्या काबिजादी म्हटले. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या.

हा फरक केवळ दप्तरातला नाही. जुन्या काबिजादींनी फिरंगी राजवट साडेचारशे वर्षे सोसली, डिचोलीने एकशे ऐंशी, पेडण्याने एकशे त्र्याहत्तर. नव्या काबिजादी ताब्यात आल्या तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. इथल्या लोकांच्या धर्माला आणि रूढींना हात लावणार नाही, असे सरकारनेच मान्य केले. म्हणून पेडणे-डिचोलीत जुनी देवळे जागच्या जागी आहेत, आणि नदीपलीकडचे देव नदी ओलांडून आलेले आहेत. तरी लोकांच्या मनातली नाती तुटली नाहीत. सात बहिणींची कथा आठवा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या नव्या काबिजादीतल्या शेजारणी, मोरजाई पेडण्यात, आणि मिराबाई पडली बारदेशात, म्हापशाला, तिथे ती मिलाग्रिस सायबीण झाली. बहिणी त्या बहिणीच राहिल्या. आजही त्या सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. हे सगळे पाहिल्यावर गोव्यात आपले कोण आणि बाहेरचे कोण, हा प्रश्न आम्हाला विचारला की आम्ही उलट विचारतो, कोणत्या सालातली सीमा धरून?

दुपारचे जेवण मयेला होते. मये डिचोलीपासून अगदी जवळ. तिथे आमच्या आत्याचे घर, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीचे. ती २०१२ मध्ये गेली. आता आतेभाऊ आणि वहिनी राहतात. रस्ता तळ्याला वळसा घालून जातो. सड्यावरच्या उन्हातून एकदम टेकड्यांच्या कुशीतले ते पाणी दिसले की डोळे निवतात. दुपारी दोनला पाखरे फारशी दिसायची नाहीत अशी आमची समजूत, पण काठाच्या वाळलेल्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, खंड्या होता, बगळे होते, आणि टेकडीवरच्या झाडातून धनेशाची जोडी करकरत पलीकडे गेली. उन्हाळ्यात सगळीकडचे व्हाळ आटतात तेव्हा जंगलातले जे काही जिवंत आहे ते इथे येते. आतेभाऊ म्हणाला, पाखरे बघायची तर पहाटे या, आणि चोडणच्या बाजूने जा. ते खरेच आहे. मयेहून पूल ओलांडला की चोडण बेट. तिथे खारफुटीत १९८८ पासून सालिम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान, पण त्यात स्थलांतरित पक्षी, कोल्हे, पाणमांजर, मगर असे सगळे. तळ्यावर मात्र २०१९ पासून दोरी बांधून उंचावरून उडी मारायचा खेळ सुरू झाला आहे. पोरांना तो आवडतो. धनेशांना कोणी विचारले नाही.

या सुंदर गावाची एक गोष्ट पणजीत फार थोड्यांना ठाऊक असते. पोर्तुगीज काळात इथल्या जमिनीचा मालक मयेचा काउंट. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याच्या तुकड्या दोडामार्गच्या बाजूने उतरल्या, माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोड्याचे पूल उडवले, १९ तारखेला गोवा मुक्त झाला. काउंटचे घराणे पोर्तुगालचे. त्याची इथली मालमत्ता स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि १९६४ च्या कायद्याने सरकारी अभिरक्षकाकडे गेली. आणि तिथेच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी, घरे बांधून राहणारी माणसे गोवा मुक्त झाल्यावरही पन्नास वर्षे स्वतःच्या ओसरीत परक्यासारखी होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव नाही, म्हणून घरासाठी कर्ज नाही.

आत्याच्या घराची मागची भिंत एका पावसाळ्यात बसली. आतेभावाने दुरुस्तीच्या परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, जमीन कोणाची? आम्ही सरकारी नोकर, शिवाय मोजणीतले, म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही नियम उलटेपालटे करून पाहिले आणि त्याला सांगितले की रकान्यात नाव नसेल तर काही होत नाही. उत्तर नियमाला धरून होते. आत्या तेव्हा ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "तुझो कागद खरो, आणि माझी साठ वर्सां खोटी?" आम्ही चहा संपवून निघालो. भिंतीला ताडपत्री लावून त्यांनी तो पावसाळा काढला.

आत्या लग्न होऊन मयेला आली १९५३ मध्ये. दोडामार्गजवळचे माहेर आणि मये यांत तेव्हा पायवाटेचे अंतर. मध्ये फक्त फिरंग्यांचा नाका. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रही पेडण्यात पत्रादेवीहून, आणि सीमेवर इतर ठिकाणांहूनही आत शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, माणसे पडली, आणि सीमा बंद झाली. पुढे जे जाणे-येणे होते ते परवान्यांवर, आणि आत्याच्या सासऱ्यांना कचेरीच्या पायऱ्या चढायची भीती वाटे. त्या वर्षीच्या चतुर्थीला ती माहेरी आली नाही. पुढच्याही नाही. आप्पा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ते सांगतात की आजोबा माटोळी बांधताना आंबाड्यांचा एक घोस वेगळा ठेवत, तो शेवटी, दाराच्या बाजूला बांधत आणि कोणी काही विचारत नसे. आंबाडे आत्याला आवडायचे. असे सात वेळा झाले. १९६२ च्या चतुर्थीला आत्या आली, कडेवर एक आणि हाताला एक अशी दोन मुले घेऊन, जी आजोबांनी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी ती दारातच थांबली आणि आधी माटोळीकडे पाहिले, एवढे आप्पांना आठवते.

२०१४ मध्ये गोवा विधानसभेने काबिजादीच्या काळातली जुनी मालकी, किताब आणि जमिनीची दाने रद्द करणारा कायदा केला आणि मयेवासीयांना सनदा मिळण्याचा मार्ग उघडला. काम हळूहळू चालले; अनेकांना वाट पाहावी लागली. जेवण झाल्यावर आतेभावाने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला आणि आमच्यापुढे धरला. आम्ही सवयीने आधी क्षेत्रफळ पाहिले, मग चतुःसीमा, मग नाव. नाव त्याचे होते. त्याने तो कागद आमच्या हातून घेऊन आप्पांना दिला.

आप्पांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचले. मग कागद घडीवर घडी नीट बसवून पिशवीत घातला. बाहेर ऊन कलले होते. तळ्याकडून पहिल्यांदाच थोडा वारा आला.

"ती भिंत बांधलास?" त्यांनी विचारले.

"जांभ्याची बांधली, मामा," आतेभाऊ म्हणाला. "चतुर्थीला या, दाखवतो. आणि येताना तिकडचे आंबाडे आणा."